वारा नेईल त्या अंगणात

ज्या वाहनाला सुकाणू नाही, ब्रेक नाही आणि मुक्कामाचं ठिकाण तर नाहीच नाही, त्या वाहनाचा जगातला सर्वात मोठा मेळा अमेरिकेत भरतो. कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढायची आणि गाडी काढली की आधी फोनवर पत्ता टाकायचा, अशी ज्या देशाची रीत, तिथे हे घडावं म्हणजे माणसाला स्वतःच्या सवयींचा किती कंटाळा येतो पाहा. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नऊ दिवस हा ‘बलून फिएस्टा’ चालतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० फूट उंचावर, पूर्वेला सँडिया डोंगर, मधून वाहणारी रिओ ग्रांदे नदी आणि उत्तरेला खास बलूनसाठी राखलेलं अवाढव्य मैदान. तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण आकाशाबद्दल लिहितो. किती रंग, किती आकार, काय ती पहाट! मान वर करून लिहिलेली ही वर्णनं वाचता वाचता वाचकाचीही मान अवघडते. माझं म्हणणं असं की बघायचं ते सगळं खाली आहे. हा उत्सव आकाशाचा नाहीच. ज्यांना रोज सकाळी कुणाच्या तरी अंगणात न विचारता उतरावं लागतं, अशा माणसांनी, लोकांनी आपल्याला हाकलून देऊ नये म्हणून, ज्या रीतीभाती रचल्या, त्यांचा हा उत्सव आहे.

बलूनवाल्याच्या हातात नेमकं काय असतं, ते आधी पाहू. प्रोपेनचा बर्नर पेटवला की कापडाच्या घुमटातली हवा तापते आणि बलून वर जातो. हवा निवली, किंवा माथ्यावरची झडप दोरीने ओढून गरम हवा सोडून दिली, की तो खाली येतो. संपलं. डावं-उजवं, पुढे-मागे हा सगळा वाऱ्याचा कारभार. पायलटची अक्कल एवढ्यातच की कोणत्या उंचीवर कोणता वारा वाहतो ते ओळखायचं आणि त्या उंचीवर जाऊन बसायचं. इथे अल्बुकर्कीचा अभिमानी नागरिक हटकणार: आमच्याकडे ‘बॉक्स’ आहे, त्याचं काय? आहे, आणि आहेही मोठा गमतीचा. रात्री निवलेली जड हवा नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे उतरत जाते, आणि त्याच वेळी वरचा वारा बरेचदा उलट, उत्तरेकडे वाहत असतो. म्हणजे खालच्या वाऱ्याने दक्षिणेला जावं, वर चढावं, वरच्या वाऱ्याने उत्तरेला परतावं आणि निघालो तिथेच येऊन टेकावं. ऑक्टोबरातल्या थंड, शांत पहाटे हा योग चांगला जुळतो, आणि बलूनवाल्यांना हे शहर इतकं प्रिय असण्याचं ते एक मोठं कारण आहे. पण याला नियंत्रण म्हणायचं, तर जाणाऱ्या-येणाऱ्याला हात दाखवून त्याच्या गाडीतून फिरणाऱ्यालाही मोटारमालक म्हणावं लागेल. शिवाय सूर्य वर आला, जमीन तापली की बॉक्स मोडतो आणि पायलट पुन्हा वाऱ्याचा आश्रित होतो. अमेरिकेच्या हवाई नियमांनाही ही असहायता ठाऊक आहे. तिथे वाटेचा पहिला हक्क इतर सर्व प्रकारच्या विमानांआधी बलूनचा. ज्याला बाजूला होता येत नाही त्याच्यासाठी बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. दोन बलून एकमेकांवर आले तर मान खालच्याचा, कारण डोक्यावरच्या घुमटामुळे त्याला वरचं काहीच दिसत नाही. वर असलेल्याने खालच्याला सांभाळून घ्यायचं, हा नियम जमिनीवर मात्र फारसा कुठे लागू झालेला दिसत नाही.

आता असा परस्वाधीन माणूस दुसऱ्याच्या शेतात उतरला की काय होतं, याचा पुरावा अगदी पहिल्या वर्षापासूनचा आहे. २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसमधून हायड्रोजनचा एक बलून सोडण्यात आला. आत माणूस नव्हता, हे माणसाचं नशीब. तो गोनेस गावात उतरला आणि गावकऱ्यांनी कोयते-फावडी घेऊन, राक्षस समजून, त्याच्या चिंध्या केल्या. पुढच्याच महिन्यात माँगोल्फिए बंधूंनी व्हर्सायला राजासमोर गरम हवेचा बलून उडवला, तेव्हा टोपलीत मेंढी, बदक आणि कोंबडा बसवले होते. जाताना त्यांचं मत कुणी विचारलं नाही, आणि उतरल्यावर त्यांच्याकडून आभाराची अपेक्षाही नव्हती. माणूस मोकळा उडाला तो २१ नोव्हेंबरला, आणि तेव्हापासून आभाराचा प्रश्न सुरू झाला. बलूनवाल्यांची परंपरा सांगते की फ्रेंच उड्डाणवीर सोबत शँपेनची बाटली ठेवत, म्हणजे संतापलेल्या शेतकऱ्याला पटावं की काजळी माखलेलं हे भूत आपल्याच देशातलं आहे. आजही पहिलं उड्डाण झालं की नवख्याला गुडघे टेकायला लावतात, बलूनवाल्यांची प्रार्थना म्हणतात आणि शँपेन उघडतात. यावर चिकित्सक म्हणतील की या कथेला कागदोपत्री आधार कुठे आहे? नसेल. पण शँपेनवाल्या शेतकऱ्याची कथा रचलेली असली तरी चिंध्या करणाऱ्या शेतकऱ्याची खरी आहे, आणि मुद्दा सिद्ध व्हायला तेवढी पुरते. शिवाय या धंद्यात दोनशे चाळीस वर्षं जी दंतकथा टिकली ती शौर्याची नाही, दिलगिरीची आहे, याकडेही लक्ष द्यावं.

अल्बुकर्कीच्या मेळ्याचा जन्मही काही उदात्त नव्हे. ८ एप्रिल १९७२ रोजी, एका रेडिओ केंद्राच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त, एका खरेदी-संकुलाच्या पार्किंगमधून १३ बलून उडाले. पुढच्याच वर्षी गरम हवेच्या बलूनची पहिली जागतिक स्पर्धा याच शहरात भरली, आणि मग गाडी थांबली नाही. म्हणून काही जण नाक मुरडतात: सगळी जाहिरात, सगळा पैशाचा खेळ. खोटं नाही. १९८९ पासून तर विचित्र आकारांच्या बलूनचा वेगळा सोहळाच होतो. गाय, मधमाशा, घोडागाडी, सिनेमातली पात्रं अशी सगळी मंडळी आकाशात असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटावर कुणाचं ना कुणाचं नाव असतं. पण पैशाने गाय शिवून घेता येते, वारा शिवून घेता येत नाही. रोज अंधारात ‘डॉन पेट्रोल’चे मोजके बलून दिवे लावून वर जातात, ही प्रथा १९७८ ची. मैदानावरचे बाकीचे लोक त्यांच्याकडे बघून कोणत्या उंचीवर वारा कुठे वाहतो ते समजून घेतात. मग हिरवं, पिवळं किंवा लाल निशाण लागतं. लाल लागलं की त्या दिवशी लाखो डॉलरवालाही जमिनीवर आणि उधारीवर बलून घेतलेलाही जमिनीवर. हिरवं लागलं तर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यांतले ‘झेब्रे’ शिट्ट्या फुंकत येतात. डोक्यावरची हवा मोकळी आहे ना ते बघून ते एकेकाला सोडतात. शेकडो बलूनच्या गर्दीत पायलटला वरचं दिसत नसल्याने त्याचे डोळे हा झेब्राच. म्हणजे उडण्याची परवानगीसुद्धा जमिनीवर उभा असलेला माणूस देतो.

खरी मौज मात्र बलून दिसेनासा झाल्यावर सुरू होते, आणि तिच्यावर कुणी लिहीत नाही. वर गेलेल्या प्रत्येक टोपलीमागे खाली एक गाडी धावत असते. तिच्यात ‘चेस क्रू’ बसलेला असतो. पहाटे चार वाजता उठून आलेली, बहुधा बिनपगारी अशी ही हौशी मंडळी. पायलट वर वाऱ्याने सरळ रेषेत चालला आहे आणि हे खाली सिग्नल, कुंपणं, कालवे, बंद गल्ल्या पार करत त्याच्या मागे. नदी आडवी आली तर पूल शोधायचा, तोवर वरचे महाशय टोपलीचा तळ पाण्याला टेकवून गंमत करताहेत. मग बलून कुठे तरी उतरतो: शाळेचं मैदान, मोकळा प्लॉट, नाही तर कुणाचं मागचं अंगण. क्रूने धावत जाऊन टोपली धरायची, जागेच्या मालकाला गाठायचं, हसायचं, परवानगी मागायची, म्हणजे पाहुणा पाटावर बसल्यावर येऊ का म्हणून विचारायचं. पुढे दोनशे-अडीचशे किलोच्या पसाऱ्यातून हवा पिळून काढायची आणि ते कापड पिशवीत कोंबून पिशवीवर बसायचं. तोवर गल्लीतली मुलं जमलेली असतात. त्यांना पायलट आपल्या बलूनचं चित्र असलेली कार्डं वाटतो, मोठ्यांना बिल्ले देतो. या कार्ड-बिल्ल्यांच्या देवघेवीचा छंद तिथे इतका फोफावला आहे की बिल्ल्यांनी लगडलेल्या टोप्या-जाकिटांखाली माणूस शोधावा लागतो. उतरण्याचा हा प्रश्न दुय्यम वाटत असेल त्यांनी आकडे बघावेत. २००० साली मेळ्यात १,०१९ बलून नोंदले गेले, तो विक्रम. पुढे आयोजकांनी संख्येला मर्यादा घातली, आणि २००९ मध्ये ती ६०० पर्यंत आणली, कारण शहर वाढलं आणि उतरायच्या जागा उरल्या नाहीत. आकाश काही आक्रसलं नव्हतं, आक्रसली ती अंगणं. जगातल्या सर्वात मोठ्या बलून-मेळ्याचा आकार ठरला तो जमिनीच्या तुकड्यांवरून.

इथे थट्टा थोडी आवरायला हवी. जून २०२१ मध्ये याच शहरात, मेळ्याबाहेरच्या एका उड्डाणात, बलून विजेच्या तारांवर आदळून पाच जण गेले. वाऱ्याच्या स्वाधीन होण्याची किंमत नेहमी हसण्यावारी नेण्यासारखी नसते. म्हणूनच लाल निशाण लागल्यावर तिकीट काढलेल्या गर्दीने चडफडत का होईना गप्प बसायचं, हा त्या मेळ्यातला सर्वात शहाणा रिवाज आहे.

‘इतकंच असेल तर लाखो लोक पहाटेच्या थंडीत मान वर करून उभे का राहतात?’ हा शेवटचा आक्षेप. पण जरा बघा, संध्याकाळीही गर्दी होते ती ‘बलून ग्लो’ला, म्हणजे बलून जमिनीवरच ठेवून, एका इशाऱ्यावर सगळे बर्नर पेटवून, कंदिलासारखे उजळायला. कुठेही न जाणारे बलूनही लोकांना चालतात. स्पर्धांतही तेच. दूरवरून उडत येऊन मैदानातल्या उंच खांबावरचं पाकीट किंवा किल्ली हातांनी ओरबाडायची असा एक प्रकार आहे, आणि बक्षीस काय, तर कधीकधी नवी कोरी मोटार. वाऱ्यावर सर्वात चांगलं भरकटणाऱ्याला सुकाणू आणि ब्रेक असलेलं वाहन देऊन घरी पाठवतात! आणि जनता त्या थंडीत उभी असते ती हातात हिरव्या मिरचीचा गरम बरिटो धरून. लाल की हिरवी, हा न्यू मेक्सिकोचा अधिकृत राज्य-प्रश्न आहे. मिरची आपल्याकडे आली तीच मुळी अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या जहाजांवरून, तेव्हा मराठी माणसाने तिथे ‘तिखट चालेल का’ या चौकशीने दुखावून न जाता दोन्ही मागाव्यात. तसं मागायचं असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं.

आपल्याकडे या विद्येचा सर्वात मोठा प्रयोग २६ नोव्हेंबर २००५ चा. विजयपत सिंघानिया मुंबईहून गरम हवेच्या बलूनमधून ६८,९८६ फुटांवर गेले. तो जागतिक उच्चांक, आणि उतरले ते नाशिक जिल्ह्यातल्या पंचाळे गावाजवळच्या शिवारात. अंतराळाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊनही मुक्काम शेवटी शेतकऱ्याकडेच. तेव्हा अल्बुकर्कीला जायचं ठरवलंत तर गरम कपडे घ्या, पहाटे पाचच्या आत मैदान गाठा, हॉटेल वर्षभर आधी ठरवा आणि उड्डाणाच्या दिवशी दुपारपर्यंत कुणालाही वेळ देऊ नका. टोपलीत जागा मिळाली नाही तर हळहळू नका. एखाद्या चेस क्रूला हात लावायला माणूस हवा का ते विचारा. त्यांना तो बहुतेक वेळा हवाच असतो.