मुक्कामाच्या शिध्याची फर्द

(मार्गशीर्षी पौर्णिमेस सारंगखेडे येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिचा हा दुसरा दिवस. तापीच्या तीरावर मारवाड, काठेवाड आणि पंजाब इतक्या दूरवरून आलेली घोडी दावणीस उभी असून, त्यांच्या कंठावरील देवमण आणि कपाळावरील भोवरे न्याहाळणारे जाणकार व न जाणणारे बघे यांची सारखीच दाटी झाली आहे. चेतक महोत्सवाच्या निमित्ताने उभारलेले सर्व सुखसोयींनी युक्त तंबू ज्यांस परवडत नाहीत, किंवा परवडत असूनही जे केवळ तत्त्वासाठी ते नाकारतात, अशा दोन असामी काल सायंकाळी शेजारी शेजारी उतरल्या आहेत : एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, दुसरा तालुक्यातलाच एक घोडेवाला.)

कारकून : अहो घोडेवाले, आपली चूल वाऱ्याच्या तोंडाशी मांडलेली असल्यामुळे तिचा धूर आमच्या राहुटीत बिनपरवाना दाखल होत आहे, ही बाब मी आपल्या निदर्शनास आणू इच्छितो.

घोडेवाला : धूर माझा, पण वारा तापीचा, रावसाहेब. नोटीस कुणाच्या नावे काढायची ते तुम्हीच ठरवा. पण तुमचा तो स्टोव्ह मघापासून नुसते सुस्कारे का टाकतोय?

कारकून : नदीच्या वाऱ्यापुढे त्याची ज्योत टिकत नाही, एवढीच किरकोळ अडचण आहे. वस्तुतः दोंडाईच्यास आगगाडीतून उतरून तापीचा पूल ओलांडण्यापूर्वीच, किंबहुना घर सोडण्याच्याही पूर्वी, या मुक्कामाच्या भोजनाची संपूर्ण तजवीज मी कागदावर पूर्ण केलेली होती. ही पाहा फर्द. एकूण बाबी त्रेचाळीस. प्रत्येकीपुढे वजन, डब्याचा क्रमांक आणि शेरा.

घोडेवाला : (कागद उजेडाकडे धरून) यावर जिल्हा धुळे लिहिलंय.

कारकून : नमुना जुना आहे. साहेबांच्या दौऱ्याबरोबर आम्ही गावोगाव तंबू ठोकून राहत असू, त्या काळातला. पुढे १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा झाला. परंतु जिल्हा बदलला म्हणून कोरे कागद फेकून देणे माझ्या स्वभावात नाही.

घोडेवाला : दौऱ्यात स्वयंपाक कोण करायचं?

कारकून : शिपाई करीत असे.

घोडेवाला : मग त्याची नोंद कितव्या बाबीत आहे?

कारकून : (किंचित थांबून) आपली फर्द काय म्हणते ते ऐकू या.

घोडेवाला : कळण्याचं पीठ, तेल, मीठ, लसूण, मिरची. चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट उडीद, दोन्ही एकत्र दळून आणलंय. उडदामुळे पीठ चिकट होतं आणि भाकरी थापताना चिरत नाही. परातीत अंधार असला तरी हाताला कळतं. बाकीचं यात्रेत मिळतं. आज वांगी मिळाली.

कारकून : वांगी! आमच्या घराण्यात चातुर्मासात वांगे आणि लसूण वर्ज्य आहे.

घोडेवाला : चंपाषष्ठीला सुटलं की ते, रावसाहेब. कालची पौर्णिमा धरली तर नऊ तिथ्या झाल्या. तुम्ही अजून कुठल्या पंचांगात आहात?

कारकून : ती गोष्ट नजरेतून सुटली खरी, कारण फर्द कार्तिकात केलेली आहे. पण थांबा, ही वांगी जांभळी नव्हेत, हिरवी दिसतात.

घोडेवाला : भरताची आहेत. हिरवं अंग, पांढऱ्या रेघा, आत बी कमी. जळगावाकडच्या वांग्याला तर सरकारी मानांकनसुद्धा आहे म्हणतात.

कारकून : आहे. सन २०१६ मधील भौगोलिक मानांकन. जिन्नस सनदी असल्यास माझी हरकत उरत नाही.

घोडेवाला : मग बसा असे इकडे. वांग्याला तेलाचा हात लावायचा आणि सुरीनं दोन ठिकाणी टोचायचं, नाहीतर आतली वाफ त्याला फोडते. जाळ तुराट्यांचा. तुराटी झटकन भडकते, झटकन विझते. साल जळते आणि गर शिजतो. गोवरीवर ठेवलं तर वांगं रात्रभर विचार करत बसेल. ती धग बट्टीसाठी, आतपर्यंत भाजायला सावकाशीची आच लागते. ते देठाकडून फिरवा, रावसाहेब! पोटाला धरलंत तर हात भाजेल.

कारकून : (वांगे फिरवीत) तुराट्यांची ही धग मर्यादित मुदतीची असून तिच्या समाप्तीपूर्वी चारही बाजूंचा निकाल लागणे आवश्यक आहे, असा आपल्या म्हणण्याचा आशय दिसतो. या बाजूची साल सुटू लागली आहे.

घोडेवाला : उतरवा आणि टोपलीखाली झाका थोडा वेळ. आपल्याच वाफेनं साल सैल होते. आता सोला. पाणी लावू नका! पाण्यानं धुतलेलं भरीत म्हणजे इस्पितळातलं जेवण. चार काळे ठिपके राहिले तर राहू द्या. आता ही बडगी, लाकडाचीच पाहिजे. मिरच्या आणि लसूण तव्यावर भाजून यातच कुटले आहेत, त्यावर गर टाका आणि हाणा.

कारकून : या मिरचीने डोळ्यांस पाणी आले.

घोडेवाला : नंदुरबारच्या मातीतली आहे, ओळख करून घेतेय. आता तेलात शेंगदाणे तळू, मग कांद्याची पात, त्यावर हे भरीत. झालं. घ्या ही भाकरी.

(यानंतर बराच वेळ संभाषण तहकूब होते. राहुटीतील बेचाळीस जिन्नस आपापल्या क्रमांकाच्या डब्यांत बंद आहेत; त्रेचाळिसावा जिन्नस कोठे आहे, हे पुढील जबानीवरून स्पष्ट होते.)

कारकून : आणखी अर्धी भाकरी मिळेल काय? या उपकाराची अंशतः परतफेड म्हणून उद्या सकाळी आपणांस आमच्याकडील हरभऱ्याच्या उसळीचे आमंत्रण देतो. बाब सतरा. काल रात्री राहुटीबाहेर पातेल्यात भिजत घातलेले आहेत.

घोडेवाला : पितळेचं पातेलं? झाकणावर दगड?

कारकून : तेच.

घोडेवाला : रावसाहेब, घोड्यांच्या बाजारात, माझ्या घोड्यापासून हातभर अंतरावर भिजवलेले हरभरे! मला वाटलं, शेजारधर्म म्हणून तुम्ही त्याचीच चंदी भिजवलीय. पहाटे मी तोबऱ्यात भरून चारले.

कारकून : (उभे राहून) हा सरळसरळ अपहार आहे. याचा पंचनामा झाला पाहिजे.

घोडेवाला : कराच. मलाही तक्रार नोंदवायची आहे. हरभरे भिजवताना पाण्यात काय घातलं होतं?

कारकून : चिमूटभर सोडा. चांगली चिमूट होती. लवकर शिजावेत म्हणून.

घोडेवाला : तरीच! दुपारपासून घोडा पोट फुगवून उभा आहे. गिऱ्हाईक दात बघायला जवळ आलं तर याने असा काही आवाज केला, की ते बिचारं अजून दत्ताच्या रांगेत उभं आहे. उद्या रुमालाखाली बोटं धरायची वेळ येईल तेव्हा किंमत काय सांगू? नुकसानीचा दावा माझा आहे.

कारकून : (बराच वेळ घोड्याकडे पाहून) आवाज मीही ऐकला होता. मी तो यात्रेतील नगाऱ्याचा समजलो. आपल्याकडे यावर काही उपाय चालतो?

घोडेवाला : हिंग आणि ओवा कोमट पाण्यातून देतात. पण या वेळी हिंग कोण विकतंय?

कारकून : (फर्द उलगडीत, आवाजात अचानक तेज येऊन) बाब तेवीस, हिंग, डबा सहा. बाब चोवीस, ओवा, डबा सहाच. आणतो. मात्र जिन्नस फर्दीतून कमी होत असल्यामुळे रीतसर पावती लागेल, आणि जिन्नस ज्याच्या उपयोगास लागला त्याचीच त्यावर सही हवी, असा शिरस्ता आहे.

घोडेवाला : घोड्याची?

कारकून : निरक्षर असल्यास अंगठा चालतो.

घोडेवाला : अंगठा कुठून आणू, रावसाहेब?

कारकून : त्याचीही सोय नमुन्यात आहे. शाईचे पॅड बाब एकोणचाळीस. आपण फक्त त्याचा पुढचा पाय उचलून धरा. मी खाली लिहितो, निशाणी, डावी टाप.