गिऱ्हाईक राजा, कोंबडी प्रजा

युरोपियन संघात दुकानातल्या अंड्याच्या कवचावर आकडा छापलेला असतो. 0 म्हणजे सेंद्रिय, 1 म्हणजे कोंबडी बाहेर हिंडते, 2 म्हणजे शेडमध्ये मोकळी, 3 म्हणजे पिंजरा. तोही साधा नव्हे. साधा पिंजरा तिथे 2012 पासून बंद. आता आत बसायला दांडी आणि अंडं घालायला आडोसा द्यावा लागतो. थोडक्यात, वन आरके.

आपल्या अंड्यावर सहसा छापील काही नसतं. जे काही असतं ते कोंबडीनेच केलेलं असतं. पिंजऱ्यातल्या अंडी देणाऱ्या कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही, हे ट्रेमधून डझनभर मोजून देणाऱ्या वाण्याच्या गावीही नसतं. नीट हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, बरं का. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्यात डझनभर अंडीसुद्धा येत नाहीत.

मग कोंबडीने कुणाकडे बघायचं? अमेरिकेतल्या कोंबड्यांनी मॅकडोनाल्ड्सकडे बघितलं. वर्षाला सुमारे 2 अब्ज अंडी घेणाऱ्या या कंपनीने 2015 मध्ये जाहीर केलं, पिंजऱ्यातली अंडी 10 वर्षांत बंद. 2023 अखेर करूनही दाखवलं. बर्गर खाणाऱ्यांचं हृदयपरिवर्तन झालं असं कृपया समजू नका. प्राणिहक्कवाल्या संघटना वर्षानुवर्षं कंपन्यांच्या नावामागे हात धुऊन लागल्या होत्या, आणि ज्याला नाव असतं त्याला ते जायची भीती असते. डुकरिणींच्या बाबतीत मात्र याच कंपनीची भीती जरा चेपली. गाभण डुकरिणींचे अरुंद पिंजरे 2022 पर्यंत हद्दपार करायचे होते. मुदत आली तेव्हा अर्थ निघाला की डुकरीण गाभण असल्याची खात्री होईपर्यंतचे काही आठवडे त्यात धरायचे नाहीत! यावर भडकून कार्ल आयकान या अब्जाधीशाने संचालक मंडळासाठी आपले दोन उमेदवार उभे केले. मतं पडली जेमतेम 1 टक्का. डुकरिणींना मतदान नव्हतं.

आपल्याकडे असला दबाव चालत नाही, असं म्हणणाऱ्याने आपलं गिऱ्हाईक बघितलेलं नाही. ते 'गावरान' म्हणून तपकिरी अंड्याला जादा पैसे मोजतं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, पिंजऱ्यातली कोंबडीही तपकिरी अंडं घालू शकते. पण जादा पैसे कोंबडीसाठी मोजलेले असतात कुठे? ते स्वतःच्या गुडघ्यांसाठी. याच गिऱ्हाइकाने मॅकडोनाल्ड्सला भारतात शाकाहारी आणि मांसाहारी स्वयंपाक वेगवेगळा करायला लावला, मेयोनेजमधून अंडं काढायला लावलं. मोर्चा नाही, सह्यांची मोहीम नाही. नुसतं नाक मुरडलं.

तेव्हा पुढच्या वाढदिवसाला केकच्या दुकानात विचारून बघा, "अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची वापरता का हो?" काउंटरवरचा मुलगा दुखावून सांगेल, "छे छे, काकू! आपल्याकडे सगळं प्युअर एगलेस."