शूर व्हा, पैसे भरा

क्रिप्टो एक्स्चेंजसाठी घोषवाक्य लिहिणाऱ्याने क्रिप्टोबद्दल अवाक्षर काढू नये. लिहावं ते गिऱ्हाइकाबद्दल: बाबा रे, तू भित्रा आहेस आणि जग पुढे निघालं आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये क्रिप्टो डॉट कॉमच्या जाहिरातीत हॉलिवूडचा नट मॅट डेमन गिर्यारोहक, अंतराळवीर अशा मंडळींच्या दालनातून फिरला आणि दैव धाडसी माणसालाच साथ देतं, असं सांगून गेला. आपण काय विकायला आलो आहोत, हे सांगायचं त्याने शिताफीने टाळलं. पुढच्याच महिन्यात बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या आसपास पोचलं आणि वर्षभरात १६ हजारांच्या घरात आलं. दैवाने साथ दिली ती घरी बसलेल्या भित्र्यांना. लंडनमध्ये लुनो कंपनीने तर बसवर बिटकॉइन दिसलं की खरेदीची वेळ झाली, असं बसवरच लिहून टाकलं. तिथल्या जाहिरात नियामकाने मे २०२१मध्ये त्याला चाप लावला. त्याच न्यायाने, भिंतींवरच्या जाहिराती पाहून, आपला निम्मा महाराष्ट्र एव्हाना मूळव्याधीच्या औषधावर असता. बँकांच्या कचाट्यातून सुटा, असं सांगणाऱ्या सेल्सियस या क्रिप्टो कंपनीने जून २०२२मध्ये ग्राहकांना पैसे काढू देणंच थांबवलं आणि महिन्याभरात दिवाळखोरी जाहीर केली. ग्राहक सुटले, पैसे अडकले.

यावर जाहिरातवाले म्हणतील, साबणवालेही फेकतातच की! फेकतात, पण साबणाला फेस येतो की नाही, हे बादलीत कळतं. शिवाय शेजाऱ्याने घेतला नाही म्हणून आपल्या घरातल्या वडीची किंमत उतरत नाही. इथे भाव टिकतो तो उद्या आणखी कुणी चढ्या दराने घेईल या भरवशावर. म्हणजे जाहिरात मालाचं वर्णन करत नाही, भाव तयार करते, आणि ती वाचणारा माणूस हाच कच्चा माल असतो. क्रिप्टोमागचं ब्लॉकचेनचं तंत्र खरं आहे, हे मान्य. पण ते समजावून सांगणारं घोषवाक्य लिहायला कुणी मानधन देत नाही.

दुसरा बचाव असा, की इशारा दिलेला असतो. असतो खरा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने १ एप्रिल २०२२पासून तो सक्तीचा केला: या व्यवहारांवर नियंत्रण नाही, जोखीम मोठी आहे, बुडालात तर दाद मागायला जागा नसेल. छापील जाहिरातीत या मजकुराला किमान एक पंचमांश जागा द्यावी लागते. सबंध जाहिरातीत नेमका माल सांगणारा मजकूर तेवढाच. उरलेल्या चार पंचमांशात सिनेमातला तारा उभा करतात, तो मजकूर कुणी वाचू नये म्हणून.