वीराची बुद्धी गेली
२००२च्या ‘मोरोविंड’ या व्हिडिओ गेममध्ये वीराला पत्ता शोधावा लागे. गावकऱ्यांनी सांगितलेल्या खाणाखुणा वहीत वाचत तो डोंगर तुडवायचा. खुणाच चुकल्या तर बोंबला! चार वर्षांनी, त्याच मालिकेच्या पुढच्याच भागाने, ‘ऑब्लिव्हियन’ने, होकायंत्रावर मुक्कामाची खूण लावून दिली. कथेतली महत्त्वाची माणसंही अमर झाली: कितीही वार करा, जरा मूर्च्छा, की पुन्हा कामाला हजर. कौशल्यं २७ची २१ झाली, २०११च्या ‘स्कायरिम’मध्ये १८. शक्ती, बुद्धी वगैरे आठ गुण तर काढूनच टाकले. (बुद्धी गेल्याचं फारसं कुणाला जाणवलं नाही.) तिथल्या थडग्यांच्या गूढ दारांचं उत्तर किल्लीवरच कोरलेलं असतं. मग २०२३मध्ये नियमांचं जंगल घेऊन ‘बाल्डर्स गेट ३’ आला, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं सोपं केलं, त्याच खेळाडूंनी तो डोक्यावर घेतला.