फाइलवाले सर

फाइलवाले सर तुमच्याही कॉलेजात असणारच. सेटचा अर्ज भरणारं, पीएच.डी.ला नुकतंच नाव नोंदवलेलं किंवा एम.ए. करून पुढे काय, म्हणून कँटीनमध्ये चहा निववत बसलेलं पोरगं दिसलं की हे हजर. पोरगं जीव तोडून आपला संशोधनविषय सांगतं. सर शेवटपर्यंत ऐकतात आणि विचारतात, "फाइल केलीस का?"

फाइल निळीच हवी, प्लास्टिकच्या कप्प्यांची. क्रम ठरलेला: दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर, सेट, जात पडताळणी, मग चर्चासत्रांची प्रमाणपत्रं. प्रत्येकाचे तीन संच, साक्षांकित. "सर, आता स्वतःच सही केली तरी चालते," असं म्हणालात तर ते तुमच्याकडे दयेनं बघतात.

सहकाऱ्याच्या मुलीच्या बारशाला पाळण्यात वाकून त्यांनी विचारलं होतं, "जन्मदाखला आला? तीन संच काढा." गाइड सहा महिने प्रकरण वाचत नाहीत म्हणून रडणाऱ्या मुलीला म्हणाले, "प्रकरण दिल्याची पोच घेतलीस का?" आमचे हेडक्लार्क गेले, तेव्हा सांत्वनाला जाऊन वहिनींना हळूच सांगून आले, "मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढून ठेवा." तिथं मात्र तीनवर भागवलं नाही, दहा सांगितल्या. आम्ही शरमेनं माना खाली घातल्या. पुढे बँक, विमा, पेन्शन करता करता वहिनींना दहाही पुरल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

त्यांचा सल्ला ज्या दिवशी दिला त्या दिवशी शंभर टक्के बरोबर असतो. 2010 मध्ये एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे गुण आले, तेव्हा दर रविवारी पोरांची वरात कुठल्या ना कुठल्या राष्ट्रीय चर्चासत्राला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा नियम आला, की विद्यापीठाच्या विभागात लागायचं तर जुलै 2021 पासून पीएच.डी. हवीच. सरांनी निम्मी बॅच पीएच.डी.ला बसवली. मुदत जुलै 2023 पर्यंत गेली आणि त्याच महिन्यात आयोग म्हणाला, नेट-सेट पुरे. शोधनिबंध 'यूजीसी केअर'च्या यादीतल्या नियतकालिकातच छापा, असं ते वर्षानुवर्षं बजावत आले. फेब्रुवारी 2025 मध्ये यादीच बंद झाली. पोरांनी विचारलं, "सर, मग तो कप्पा काढू?" सर म्हणाले, "राहू दे. परत येईल."

असल्या माणसाचा राग यायला हवा, आणि मला बरीच वर्षं येतही होता. पण अर्जाच्या शेवटच्या रात्री साइट बंद पडली की पोरं गाइडला नाही, यांनाच फोन करतात. कुणाची फी हे भरतात, कुणाबरोबर मुलाखतीला एस.टी.नं जातात आणि बाहेरच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसतात. स्वतः अजून तासिका तत्त्वावर. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. जूनमध्ये त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत.

एकदा एका संस्थेत कायम जागा निघाली. सर गेले. फाइल कुणी उघडलीच नाही. अध्यक्षांनी पानाला चुना लावत एवढंच विचारलं, "संस्थेच्या विकासात तुमचं योगदान काय राहील?" अशा प्रश्नाचं उत्तर आकड्यात द्यायचं असतं, हे शिपायालाही ठाऊक होतं. सरांनाही असणार. तरी ते म्हणाले, "नॅकच्या वेळी सगळ्या फाइली लावून देईन." समिती बराच वेळ हसली म्हणे. जागा दुसऱ्याला गेली.

पुढे त्या संस्थेत मूल्यांकनासाठी खरंच नॅकची समिती यायची ठरली, आणि अध्यक्षांना हे उत्तर आठवलं. बोलावणं आलं. सर इथले तास बुडवून, म्हणजे पैसे बुडवून, आठवडाभर तिकडे. मी भडकलो, "कशाला गेलात?"

"अहो, दुसऱ्या निकषाचे कागद त्यांनी सहाव्यात घातले होते," सर कळवळून म्हणाले. मग जरा खुलले. सातव्या निकषाची फाइल सर्वांत देखणी झाली म्हणाले, अध्यक्षांनी स्वतः कौतुक केलं. सातवा निकष म्हणजे संस्थेची मूल्यं आणि उत्तम प्रथा.