कोपऱ्यावरच्या वहिनींचं बेसमेंट

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या कुंपणापाशी. मोठ्याने बोलायची सोय नाही, त्यांचा डेक इथून सरळ दिसतो. कोपऱ्यावरच्या भावोजींची जिम झाली एकदाची! परवा ट्रेडमिलला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळ मात्र बाहेर ड्राइव्हवेवर बरं का, नव्या रबरावर पाण्याचा थेंब पडू दिला नाही त्यांनी. पेढे आले ना तुमच्याकडे? आले असतीलच. पण त्या पेढ्यांमागे काय काय झालं, ते काही डब्यात घालून पाठवलं नाही वहिनींनी.

सुरुवात तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी भावोजींची शुगर बॉर्डरवर सांगितली. आता माणूस काय करेल, जेवून शतपावली घालेल. यांनी थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये थेट ट्रेडमिल मागवली. बेसमेंट तेव्हा नुसतं काँक्रीट. एका कोपऱ्यात फर्नेस, दुसऱ्यात मोठा फ्रीजर, जिन्याखाली गणपतीचं मखर. वहिनींच्या मनात तिथे हॉल करायचा होता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका ऐसपैस बसतील, पॉटलकला पुरुषमंडळींना खाली धाडता येईल... ओक ट्री रोडला भाजी घेताना मला म्हणाल्या, “विचारलंसुद्धा नाही हो मला. गॅरेजमध्ये खोकं आलं तेव्हा कळलं.” हातातली कढीपत्त्याची जुडी तशीच धरून उभ्या राहिल्या बिचाऱ्या.

तर काय सांगत होते... हं, कॉन्ट्रॅक्टर. तो आला, भिंती ठोकून पाहिल्या आणि म्हणाला, एकदम क्लीन करून देतो, वर ड्रॉप सीलिंग, खाली कार्पेट. भावोजी खूश. तेवढ्यात त्यांची लेक, ती रटगर्सला इंजिनिअरिंग करते ती, जिन्यावरून म्हणते कशी, “बाबा, ट्रेडमिलवर चढल्यावर तुमची उंची किती होते?”

सगळे गप्प!

आता बघा, भावोजी पाच फूट अकरा इंच. ट्रेडमिलचा पट्टा जमिनीपासून आठ इंच वर. झाले सहा फूट सात. धावताना माणूस वर उसळतो, त्याला आणखी निदान अर्धा फूट हवा. आणि जिथे टीव्हीसमोर ट्रेडमिल ठेवायची ठरली होती, तिथे वरून हीटिंगचा डक्ट गेलेला, जमिनीपासून साडेसहा फुटांवर. पोरीने बापाला आठ इंचांच्या खोक्यावर चढवलं आणि म्हणाली, आता ताठ उभे राहा. राहिले. डक्ट असा दणाणला की वर किचनमध्ये वहिनींना वाटलं फर्नेस फुटला!

आणि गंमत म्हणजे, कायद्याने तो डक्ट चालतो. राहत्या खोलीला सात फूट उंची लागते, पण बेसमेंटमध्ये डक्ट, तुळई असं काही सहा फूट चार इंचांपर्यंत खाली आलं तर माफ. म्हणजे इन्स्पेक्टर पास करेल, कपाळमोक्ष आपला आपण करून घ्यायचा.

त्यात कोल्हापूरहून आबा आलेले, वहिनींचे सासरे. जन्म तालमीत गेलाय त्यांचा. कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाले, “आरं, आमच्या तालमीच्या दाराला वाकून शिराय लागतंय, तरी आजवर कुनाचं डोसकं आपटल्यालं बघितलं न्हाई मी.” भावोजींचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. वहिनी ओढणी तोंडाला लावून हसत होत्या, मला स्वतः सांगितलं त्यांनी.

मग ड्रॉप सीलिंग रद्द. तेच तीन-चार इंच खातं ना. त्यापेक्षा वरच्या लाकडी जॉइस्ट उघड्याच ठेवायच्या आणि पाइप, वायरी, डक्ट सगळ्याला एकच गडद रंग मारायचा. इथे बरेच जण करतात हल्ली, दिसतंही छान. पण कॉन्ट्रॅक्टर म्हणाला काळा, आणि वहिनींच्या सासूबाई कडाडल्या, “घराला काळा रंग? माझ्या डोळ्यांदेखत?” दोन दिवस त्या विषयावर जेवणं झाली. शेवटी गडद राखाडीवर तडजोड. मला तर काळाच वाटतो. तुम्ही बघाल तेव्हा काही बोलू नका हं.

मुलाचं वेगळंच. त्याला बारबेल हवा. तो मोठा बार सव्वासात फुटांचा, नुसताच वीस किलोचा. आणि मध्ये ते तुळईला टेकू देणारे लोखंडी लॅली कॉलम. दोन कॉलममध्ये आठ फूट अंतर. बार मावतो हो, पण टोकाला चकत्या चढवायला माणूस उभा कुठे राहणार? भावोजी म्हणाले, “एक कॉलम काढला तर?” कॉन्ट्रॅक्टर, जो कशालाच नाही म्हणत नव्हता, तोसुद्धा गप्प बसला. सगळं घर उभं आहे त्या तुळईवर! इंजिनिअरच्या सहीशिवाय हात लावायचा नसतो त्याला. मग डंबेल आणि एक बाक, एवढ्यावर भागलं. आबांना नातवासाठी मल्लखांब हवा होता, तो तर विसराच. खांबच आठेक फुटांचा, त्याच्या टोकावर पोरगं चढणार ते काय वहिनींच्या डायनिंग टेबलाखालून वर निघणार?

बरं, पाण्याचं ऐकलंत का? आयडा वादळ आठवतंय ना, २०२१च्या सप्टेंबरात? गणपती जेमतेम दीड आठवड्यावर होते आणि त्यांचं मखर सगळं भिजून लगदा. तेव्हा इथे सगळ्यांनीच पाणी उपसलंय. आणि तरी हा कॉन्ट्रॅक्टर कार्पेट म्हणतो! आमच्या ह्यांना राहवलं नाही. जाऊन म्हणाले, आधी एक करा. दोन फूट प्लास्टिकचा तुकडा घ्या, काँक्रीटवर चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि उद्या उचलून बघा. दुसऱ्या दिवशी उचललं तर खालच्या अंगाला थेंबच थेंब. काँक्रीटसुद्धा ओलं, गडद पडलेलं. म्हणजे ओल जमिनीतून वर येते. हवेतली असती तर प्लास्टिकच्या वर दिसली असती. कॉन्ट्रॅक्टर आपला म्हणतोय, काही नाही हो, नॉर्मल आहे. पण बोलताना बघत होता बुटांकडे.

आणि कारण काय निघालं? गटरचं पाणी! छतावरून येणारा पाइप भिंतीच्या बुडाशीच सोडलेला. छतावरचं सगळं पाणी पायापाशी मुरणार, मग ते आत नाही येणार तर काय करणार? पाइप लांबवून सहा-सात फूट लांब सोडला, भिंतीलगत माती घालून बाहेरच्या बाजूला उतार दिला. पुढच्या पावसात प्लास्टिक बऱ्यापैकी कोरडं. हजारो डॉलरची वॉटरप्रूफिंगची कोटेशनं घेऊन बसले होते, सांगा आता.

कार्पेट गेलं, रबर आलं. साधंसुधं नाही, घोड्यांच्या तबेल्यात घालतात ते. चार बाय सहा फुटांचा एक-एक तुकडा, पाऊण इंच जाड, पंचेचाळीस किलोच्या आसपास. जिन्यातून उतरवताना बापलेक दोघांची कंबर धरली, म्हणजे व्यायाम तिथेच झाला म्हणायचा. पण वास! सासूबाई म्हणाल्या, “टायरचं दुकान काढलंयस का रे?” परत वर चढवले, साबणाने धुतले, आठवडाभर गॅरेजमध्ये पसरले, गाड्या रस्त्यावर. तुम्ही विचारत होतात ना गाड्या बाहेर का? ते हे.

रेडॉनचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. किरणोत्सर्गी वायू तो, वास नाही, रंग नाही, जमिनीतून फटीफटीने येतो आणि बेसमेंटमध्ये साठतो. सिगारेटच्या खालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण तेच, असं इथलं सरकारच सांगतं. ती १९८४ची गोष्ट माहितीये ना? इथे शेजारीच पेनसिल्व्हेनियात, लिमरिकच्या अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्यामुळे रेडिएशनचा अलार्म वाजायचा. बाहेर पडताना वाजला तर समजू शकतो, पण हा आत जाताना वाजायचा! केंद्र तर अजून सुरूही व्हायचं होतं. शेवटी शोधलं तर सगळं त्यांच्या घरातूनच अंगावर येत होतं. तेव्हापासून या देशाला घराघरातला रेडॉन कळला. आणि जिममध्ये माणूस धापा टाकतो, नेहमीपेक्षा जास्त हवा ओढतो. म्हणून वहिनींनी हट्टाने टेस्ट किट आणलं. हवेच्या लिटरमागे चार पिकोक्युरी किंवा त्यावर आलं तर उपाय करा म्हणतात, यांचं आलं पाच पूर्णांक आठ. फरशीखालून पाइप काढून, पंखा लावून छताच्या वर सोडला. रबर घालायच्या आधी झालं हे नशीब. त्या दिवसापासून भावोजी वहिनींना विचारल्याशिवाय खिळा ठोकत नाहीत.

परमिटचं थोडक्यात सांगते, कारण वहिनींनी शपथ घातलीये. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता, आतलं काम, लागत नाही परमिट. लागतं हो! डंपस्टर ड्राइव्हवेत आठवडाभर उभा, टाऊनशिपचा माणूस आला, दारावर काम थांबवायचा कागद. आणि वायरिंग तपासायचं म्हणून नवी लावलेली ड्रायवॉल कापून उघडायला लावली. परमिट काढल्याशिवाय पुढे काही नाही. घर विकताना हे सगळं निघतंच, तेव्हा रडण्यापेक्षा आता रडलेलं बरं.

आता खरी गोष्ट. जवळ या.

ट्रेडमिल खाली आल्याबरोबर भावोजींना धीर कुठला. दिसला प्लग, लावली. एक जुनंच सर्किट, त्याच्यावर डीह्युमिडिफायर, त्याच्यावरच फ्रीजर. पंधरा मिनिटं चालले आणि ब्रेकर पडला. यांना वाटलं, मशीनला विश्रांती हवी असेल. आंघोळ केली आणि सगळे वीकेंडला बॉस्टनला लेकीच्या मैत्रिणीच्या लग्नाला. फ्रीजरमध्ये काय होतं, विचारा. हापूसचा रस! उन्हाळ्यात पेटीला किती मोजतो आपण, तुम्हाला सांगायला नको. शिवाय सासूबाईंनी वळून ठेवलेले उकडीचे मोदक. रविवारी रात्री वहिनींनी झाकण उघडलं...

बोलल्या नाहीत म्हणे काही. फक्त भावोजींकडे बघितलं. सासूबाईंनी एक मोदक बोटाने दाबून पाहिला आणि परत ठेवला. आबा उठून अंगणात गेले.

सोमवारी इलेक्ट्रिशियन. ट्रेडमिलला वेगळं वीस अँपिअरचं सर्किट, फ्रीजरला वेगळं, आणि पाणी उपसायच्या संप पंपाला तिसरं. तोही त्याच जुन्या लाइनवर होता, विचार करा! पावसात ब्रेकर पडता तर जिमचा स्विमिंग पूल झाला असता. पंपाला बॅटरीचा बॅकअपही घेतला, कारण वादळात आधी वीजच जाते, सँडीत २०१२ला भोगलंय आपण. आणि घराच्या साध्या इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी धरत नाहीत, पंप भरून वाहिला तर त्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं, ते पण केलं.

आता म्हणाल, वापरतं कोण? भावोजी जातात सकाळी, खोटं कशाला बोलू. शुगर उतरली की नाही ते पुढच्या रिपोर्टला कळेल. आबा रोज रबरावर पन्नास जोर, शंभर बैठका काढतात, आरशाकडे पाठ करून. वहिनींना अर्धी बाजू मिळाली, संक्रांतीला तिथेच बोलावणार आहेत आपल्याला.

मला विचाराल तर भावोजींनी उलट्या बाजूने गाडी हाकली. आधी पाऊस बघायचा, मग उंची, मग वायरी आणि मशीन सगळ्यात शेवटी, तेही पटलं तर. पण सांगतंय कोण, खोकं आधी आलं होतं ना...

अय्या, वहिनीच आल्या वाटतं डेकवर. हसा, हात करा! बरं, जाता जाता, शनिवारी जोराचा पाऊस सांगितलाय. तुमच्या पंपाच्या खड्ड्यात एक बादली पाणी ओतून तो चालू होतो का बघा, आणि बॅटरी कधीची आहे तेही बघून ठेवा.