तिकडे कटिंगला किती पडतात?

परदेशातून आलेल्या नातेवाइकाला पगार विचारू नये, एवढं आता सगळ्यांना कळलं आहे. म्हणून आपण तो आडून विचारतो. ‘तिकडे दूध काय भाव रे?’ इथून सुरुवात करायची, मग हळूच घरभाड्यावर यायचं, मग विमा, मग पोरांची शाळा. मिळालेल्या प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात डॉलरच्या दराने गुणायचं. गुणाकार पगाराचा असेल तर तोंडातून ‘बापरे’ निघतं आणि खर्चाचा असेल तर ‘अरे बापरे’. देशाची श्रीमंती मोजायची आपली घरगुती पद्धत या दोन उद्गारांमध्ये संपते.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तो सुट्टीवर आला की त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नातेवाईक फार खाली असतात. आधी दात, मग चष्मा (एक वापरायला, एक हरवायला), मग सूनबाईंचे ब्लाऊज शिवायला टाकणं, आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी कटिंग. परवा मी त्याच्याबरोबर आमच्या गल्लीतल्या केशकर्तनालयात गेलो होतो. मान खाली घालून बसल्या बसल्या तो म्हणाला, “मामा, तिकडे याचे तीस डॉलर. वर टीप.” कात्री थांबली. कारागिराने आरशातून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मग तिकडचा न्हावी काय वेगळं करतो?” भाच्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितलं, “काही नाही. उलट चंपी करत नाही.”

कारागिराचा हा प्रश्न अर्थशास्त्राच्या मोठमोठ्या लोकांना पडलेला आहे. डोकं तेच, कात्री तीच, वेळही साधारण तेवढाच. अमेरिकेतला कारखाना आपल्यापेक्षा कितीतरी पट भराभर माल काढत असेल, पण अमेरिकेतला न्हावी काही कितीतरी पट भराभर केस कापत नाही. कापले तर गिऱ्हाईक पोलिसात जाईल. मग भावात एवढा फरक का? १९६४ साली बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोघांनी वेगवेगळं बसून याचं उत्तर दिलं. न्हाव्याची मजुरी त्याच्या कात्रीवर ठरत नाही, त्याच्या शेजाऱ्याच्या पगारावर ठरते. शेजारचा माणूस कारखान्यात जाऊन भरपूर कमावत असेल, तर न्हाव्याला खुर्चीमागे उभं ठेवायला त्याच्या आसपासचे पैसे मोजावे लागतात, नाहीतर तोही कारखान्यात जाईल. आणि फोन, पेट्रोल, सोनं या वस्तू जहाजातून जगभर फिरतात, त्यामुळे त्यांचे भाव कर वगैरे सोडले तर सगळीकडे साधारण सारखे राहू पाहतात. कटिंग मात्र जहाजात चढत नाही. न्यू जर्सीहून डोकं पार्सलने पुण्याला पाठवायची सोय अजून निघालेली नाही. माझा भाचा ते वर्षातून एकदा स्वतः घेऊन येतो, तेवढीच काय ती आयात.

आता देशादेशांची श्रीमंती ताडायची, तर नुसत्या डॉलरच्या दराने गुणाकार-भागाकार करून चालणार नाही, हे उघड आहे. म्हणून १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघ आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून एक प्रचंड बाजारहाट सुरू केली. देशोदेशी माणसं पाठवायची, तोच तांदूळ, तसाच सदरा, तशीच कटिंग कुठे कितीला पडते ते टिपायचं, आणि त्यावरून चलनाची खरी खरेदीची ताकद काढायची. २०१७ सालच्या फेरीत बाजारात एका डॉलरला ६५ रुपये पडत होते, पण एका डॉलरला अमेरिकेत जे येतं ते भारतात २० रुपये ६५ पैशांत येतं, असं निघालं. या हिशोबाने भारत त्या वर्षी चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ जगातली तिसरी अर्थव्यवस्था ठरला. वर्तमानपत्रांनी अर्थातच ते मोठ्या टायपात छापलं.

हिशोब चुकीचा नाही. वीस रुपयांत इथे खरंच पुष्कळ काही येतं. पण आपल्याला जगात तिसऱ्या नंबरावर नेऊन ठेवणाऱ्यांत आमच्या गल्लीतला तो कारागीरही आहे, हे त्या टायपात कुठे दिसत नाही. त्याची मजुरी कमी म्हणून रुपयाची ताकद जास्त. माझ्या रुपयाची. त्याच्या रुपयाचं काय? तो फोन घेतो जगाच्या भावाने, पेट्रोल भरतो जगाच्या भावाने, गोडं तेल घेतो तेही मलेशिया-इंडोनेशियाकडे डोळे लावून. कटिंग स्वस्त असल्याचा फायदा कटिंग करणाऱ्याला महिन्यातून एकदाच होतो, तोही शेजारच्या खुर्चीवाल्याकडून फुकट.

चलनाची खरी ताकद मोजायच्या याच कामासाठी ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९८६ पासून मॅकडोनाल्डचा बर्गर हाताशी धरला आहे. सगळीकडे सारखा मिळतो म्हणून. भारतात गोमांस चालत नाही, त्यामुळे आपल्यासाठी कोंबडीच्या ‘महाराजा मॅक’चा भाव धरला जातो. कोंबडी आल्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिकडे ज्याला दुपारी धड जेवायला सवड नसते तो बर्गर खातो. इकडे तोच बर्गर म्हणजे चिरंजीवांचा वाढदिवस. एकाची घाई आणि दुसऱ्याचा समारंभ एकाच तागडीत तोलायचा म्हणजे जरा कठीणच.

त्यापेक्षा माझं माप साधं आहे. देशातला कारकून आपली भांडी स्वतः घासतो का?

अगाथा ख्रिस्तीने आपल्या आत्मचरित्रात पहिल्या महायुद्धानंतरच्या दिवसांबद्दल लिहिलं आहे. नवा संसार, लंडनमध्ये भाड्याची जागा, नवऱ्याची बेताची कमाई. तरी बाळाला सांभाळायला एक बाई आणि घरकामाला एक बाई हे दोघांनी गृहीतच धरलं होतं. मोटार घ्यावी, असं मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. मोटार श्रीमंतांची. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत इंग्लंड इतकं श्रीमंत झालं, की अशा घरांच्या दाराशी मोटार आली आणि स्वयंपाकघरातून दोन्ही बाया नाहीशा झाल्या. तिच्या संसारातला हा जमाखर्च मला सगळ्या कोष्टकांपेक्षा बोलका वाटतो. आपल्याकडे सध्या पार्किंगमध्ये मोटार आणि स्वयंपाकघरात पोळ्यांच्या मावशी, अशी दोन्ही सुखं एकाच वेळी नांदताहेत. अशा मुक्कामावरच्या मध्यमवर्गाइतका सुखी प्राणी नसावा. देश आणखी श्रीमंत झाला की पहिला फटका याच प्राण्याला बसतो.

माझ्या बहिणीला हे कळतं, पण वळत नाही. मुलाकडे सहा महिने राहून आली तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, “एवढं शिकला, आणि भांडी घासतो रे!” भाचा भांडी घासतो, बर्फ उपसतो, दुकानातून खोक्यात आणलेलं कपाट पानापानांची पुस्तिका उघडून स्वतः जोडतो. आमच्या सात पिढ्यांत हातोडी धरलेला तो पहिला पुरुष. ताईच्या मते त्याची परिस्थिती वाईट आहे. त्याच्या पगाराचा गुणाकार करताना ती ‘बापरे’ म्हणते आणि त्याच्या हाताचे घट्टे बघून ‘अरे बापरे’.

बाकी श्रीमंत देशांच्याही तऱ्हा आहेतच. नॉर्वेची माणसं म्हणे शनिवार-रविवारी गाड्या काढून स्वीडनमध्ये शिरतात आणि डुकराचं मांस, बिअर, गोळ्या-चॉकलेटं भरून आणतात, कारण स्वतःच्या देशात ते परवडेनासं वाटतं. जगातल्या अतिश्रीमंतांची ही वारी ऐकून मला फार दिलासा मिळाला. आणि लक्झेंबर्गची गंमत वेगळीच. तिथे काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक रोज सकाळी फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांनी केलेलं उत्पादन देशाच्या खात्यात जमा, पण भागाकार करताना त्यांची डोकी धरायची नाहीत. दरडोई उत्पादनात पहिला नंबर काढायचा हा मार्ग आमच्या मुंबईला लागू केला, तर विरार, कल्याण आणि पनवेलकरांच्या जिवावर आपण स्वित्झर्लंडला सहज मागे टाकू.

आपल्याकडे दरडोई उत्पन्नाचा हिशोब मांडायला बसले ते दादाभाई नौरोजी, एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला माणूस. १८७६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा निबंध वाचला. १८६७-६८ सालचं दरडोई वार्षिक उत्पन्न त्यांनी काढलं २० रुपये. आता २० रुपये थोडे की पुष्कळ, हे ठरवायचं कसं? स्वस्ताई आहे, लोकांच्या गरजा कमी आहेत, असं म्हणायला साहेब तयारच. दादाभाईंनी साहेबाचीच वही उघडली. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार स्वतः किती खर्च करतं, ते त्यांनी समोर ठेवलं. त्यावरून निघालं ते असं, की गुन्हेगाराला सरकार जे खायला-ल्यायला देतं, तेवढंसुद्धा गुन्हा न केलेल्या रयतेच्या सरासरी वाट्याला धड येत नाही. राहणीमानाच्या खर्चाचा इतका थंड आणि इतका बोचरा उपयोग नंतर कुणी केल्याचं मला ठाऊक नाही. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने पुढे १९०१ मध्ये दरडोई ३० रुपये असा आकडा काढून देश सुधारत असल्याचं सांगितलं, पण कैद्याच्या थाळीबद्दल तो बोलला नाही.

दादाभाईंच्या निबंधानंतर शंभरेक वर्षांनी, १९७१ मध्ये, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळतील एवढं खायला किती लागतं? १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. त्यावरून किती वाद झाले! पण दोघांनी निदान जेवणापासून सुरुवात केली होती. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरातली दारिद्र्यरेषा म्हणून रोजचे ३२ रुपये सांगितले, तेव्हा चर्चा जेवणाची न राहता ३२ रुपयांत काय काय येत नाही याची झाली. पुढे २०१३ मध्ये एका नेत्याला मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळाल्याचा साक्षात्कार झाला. पत्ता कुणालाच सापडला नाही. महाराष्ट्राला मात्र अशा भावांचं नवल वाटायला नको. १९९५ मध्ये इथे एक रुपयात झुणका-भाकर होती, २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी आली. त्या थाळीचा शहरातला खरा खर्च ५० रुपये, त्यातले ४० सरकारचे. बाजारहाट करायला निघालेल्या त्या आंतरराष्ट्रीय पाहुण्याने वहीत दहा लिहायचे की पन्नास?

त्या मानाने जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेलचं म्हणणं सुटसुटीत आहे. १८५७ मध्ये त्याने दाखवून दिलं, की कुटुंब जितकं गरीब तितका त्याच्या खर्चातला जेवणाचा वाटा मोठा. आपल्याकडे २०२२-२३ च्या पाहणीत खेड्यांतला हा वाटा पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, ४६ टक्क्यांवर आला. शहरांत तो ३९ होता. ही खरोखर आनंदाची बातमी. फक्त वाचलेला पैसा कुठे गेला, हे विचारायला मी आमच्या घरातच फिरून आलो. नळाचं पाणी भरवशाचं नाही म्हणून शुद्धीकरणाचं यंत्र, ते दर तीन महिन्यांनी बिघडतं म्हणून त्याची वार्षिक सेवा, उन्हाळ्यात टँकर, वीज जाते म्हणून इन्व्हर्टर, शाळा आहे तरी क्लास. यातल्या प्रत्येक पैशाने राष्ट्रीय उत्पन्न वाढलं. नळाला चांगलं पाणी येतं त्या गावात ही वाढ होत नाही, बिचारे मागे पडतात. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब अमेरिकेसाठी पहिल्यांदा नीट मांडून देणाऱ्या सायमन कुझ्नेट्सने १९३४ च्या त्या अहवालातच बजावलं होतं, की यावरून लोकांचं बरं चाललंय की नाही ते ठरवू नका. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं आपण वाचतो तितक्याच आस्थेने जगाने ते वाचलं.

आर्थर पिगू या केंब्रिजच्या प्राध्यापकाने तर सांगूनच ठेवलं आहे, की एखाद्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न घटतं. पोळ्या त्याच, पण पगार बंद. मी हे घरी सांगितलं. बायको म्हणाली, “म्हणजे लग्नाआधी मी देशाच्या कामाची होते.” मी विषय बदलला.

विषय बदलायला कारणही होतं. पोळ्यांच्या मावशींनी पुढच्या महिन्यापासून दर वाढवायचं जाहीर केलं होतं, आणि तेही भरघोस. त्यांची धाकटी मुलगी नर्सिंगचा कोर्स करून नोकरीला लागली, मोठी मॉलमध्ये हिशोब बघते. दोघींपैकी कुणी हातात लाटणं धरणार नाही हे मावशी अभिमानाने सांगतात. मी त्यांना महागाईचा दर समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “काका, गॅस वाढला तेव्हा गॅसवाल्याला एवढं समजावलं होतं का?” बायको हसली. मी म्हटलं, बघू, विचार करतो.

“करा,” मावशी परात पुसत म्हणाल्या, “नाहीतर रविवारी मी लवकर येते. कणीक भिजवायला शिकवते तुम्हाला. त्याचे पैसे वेगळे.”